ऑनलाइन की इन्स्टॉल केलेलं? मुलांसाठी अभ्यासाचं सॉफ्टवेअर निवडताना काय काय तपासायचं

एका मुलीने ब्राउझरमध्ये स्क्रॅचवर, म्हणजे ठोकळे जोडून कोडिंग शिकायच्या सॉफ्टवेअरवर, गेम बनवला होता, लॉगिन न करता, दोन तास एका जागी बसून. मांजर उडी मारत होती, स्कोअर वाढत होता, सगळं जमून आलं होतं. मग कुणीतरी चुकून टॅब बंद केला आणि सगळं गेलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलाचं सहा महिन्यांचं काम हार्ड डिस्कबरोबर गेलं, तो सगळं इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरमध्येच करायचा, नेटवर काहीच ठेवायचा नाही. मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि मशीनही मीच सांभाळते, त्यामुळे दोन्ही वेळा समोर मीच होते. तेव्हापासून कुणी विचारलं की "पोरांसाठी ऑनलाइन बरं की इन्स्टॉल करायचं बरं?" की मी आधी तीन गोष्टी विचारते: मूल त्यावर नक्की काय करणारे, कुठल्या मशीनवर करणारे, आणि केलेलं काम राहणार कुठे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं आणि खरं नुकसान तिथंच होतं.

घरी एका मुलासाठी बघत असाल किंवा वर्गासाठी, तपासायच्या पायऱ्या त्याच आहेत. फक्त वर्गाला नेटचं गणित वेगळं पडतं, ते पुढे येईलच.

आधी एक गैरसमज: इन्स्टॉल केलं म्हणजे ऑफलाइन झालं असं नाही

लोकांना वाटतं दोनच प्रकार आहेत, नेटवरचं आणि मशीनवरचं. प्रत्यक्षात निदान पाच प्रकार सापडतात.

एक, फक्त ब्राउझरमध्ये चालणारं, नेट गेलं की बंद. दोन, ब्राउझरमधलंच पण एकदा उघडून ठेवलं की नेटशिवायही थोडंफार चालणारं, गूगल डॉक्सचा ऑफलाइन मोड हे त्याचं उदाहरण, पण तो मोड नेट असताना आधीच चालू करून ठेवावा लागतो, नेट गेल्यावर आठवून काही उपयोग नाही. तीन, इन्स्टॉल होतं पण उघडताना लॉगिन किंवा लायसन्स तपासायला नेट मागतं. चार, खरोखर पूर्ण ऑफलाइन, एकदा मशीनवर बसलं की पुन्हा नेटचं नाव नाही. आणि पाच, ज्याकडे फार कमी लोक बघतात, एका कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचं आणि बाकीच्यांनी त्याच वायफायवरून ते ब्राउझरमध्ये उघडायचं, बाहेरचं इंटरनेट लागतच नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. आयकॉन डेस्कटॉपवर दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि नेमकं नेट नसलेल्या दिवशी लॉगिनचा चौकोन समोर येऊन बसतो. बरीच मोबाइल अ‍ॅप्स याच प्रकारातली असतात, अ‍ॅप फोनमध्ये असतं पण धडे सगळे सर्व्हरवर.

पायरी १: मूल त्यावर काय करणार ते एका कागदावर लिहा

सॉफ्टवेअरचं नाव लिहू नका, काम लिहा. भूमितीच्या आकृत्या काढणार, कोडिंग शिकणार, शब्दार्थ पाठ करणार, व्हिडिओ बघणार, प्रयोग करून बघणार, निबंध टाइप करणार, शिक्षकांनी दिलेली चाचणी सोडवणार. मग प्रत्येक कामापुढे लिहा की यात दुसरा माणूस लागतो का. शिक्षक तपासणार, मित्राबरोबर मिळून करणार, कुणीतरी उत्तर देणार, असं असेल तर तिथे ऑनलाइन हवंच. आणि जे काम मूल एकटं रोज बसून करणार, सराव, वाचन, आकृत्या, कोडिंग, ते शक्य तिथे मशीनवरच असावं असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या सरावाची सवय नेटच्या भरवशावर ठेवली की ती मोडते, दोन दिवस पान उघडलं नाही की तिसऱ्या दिवशी मूल बसायलाच मागत नाही, हे मी खूप वेळा बघितलंय.

म्हणजे एकच काहीतरी निवडायचं असा हा मामलाच नाही. प्रत्येक कामाचं वेगळं उत्तर निघू शकतं आणि निघू द्या.

पायरी २: मशीन बघा

रॅम किती, डिस्कवर मोकळी जागा किती, ऑपरेटिंग सिस्टम कुठली आणि ती ३२ बिट आहे की ६४ बिट. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टमखाली अबाउट उघडलं की जागेचा आकडा सोडून बाकी सगळं एका पानावर दिसतं, जागा तिथेच स्टोरेजमध्ये दिसते. नवीन सॉफ्टवेअर हल्ली बऱ्याचदा ६४ बिटवरच चालतं, त्यामुळे जुन्या मशीनवर डाउनलोड करून मग कपाळाला हात लावण्यापेक्षा आधी बघून घ्या.

मशीन जुनं आहे, मग ऑनलाइनच वापरू, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ऑनलाइन गोष्टीला ब्राउझर लागतो आणि ब्राउझरही जुना होतो. गूगल क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ आणि ८.१ ला नवीन व्हर्जन देणं थांबवलं, १०९ हे तिथलं शेवटचं. त्या मशीनवर हळूहळू एकेक साइट नीट उघडेनाशी होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की मशीन इतकं रखडतं की त्यापेक्षा इन्स्टॉल केलेलं साधं सॉफ्टवेअर पळतं.

अजून एक, अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे? वर्गातल्या किंवा कुणाकडून मिळालेल्या मशीनवर इन्स्टॉल करायची परवानगीच नसते, मग सगळी निवड करून झाल्यावर गाडी तिथे अडते. हा प्रश्न आधी सोडवा.

पायरी ३: नेट मोजा, पण मुलं बसतात त्या वेळेला

स्पीड टेस्ट रात्री अकराला करून उपयोग नाही. मूल ज्या वेळेला अभ्यासाला बसतं त्याच वेळेला, त्याच खोलीत, त्याच डिव्हाइसवर, तीन-चार दिवस करा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. सरासरी धरू नका, कारण मूल सरासरी नेटवर अभ्यास करत नाही, त्या दिवशी जे आहे त्यावर करतं.

डेटाचं गणित सोपं आहे. १ एमबीपीएसने तासभर सतत काही चालू राहिलं तर साधारण ४५० एमबी जातात. कमी क्वालिटीचा व्हिडिओ याच्या आसपास किंवा थोडा खाली असतो, एचडी असेल तर याच्या दोन-तीन पट धरा. आता वर्गाचं बघा. १० एमबीपीएसची लाइन आहे आणि ३० मुलं एकाच वेळी व्हिडिओ लावणार, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ०.३३ एमबीपीएस, तेही सगळं सुरळीत असेल तर. यात व्हिडिओ गोल फिरत बसणार हे कागदावरच दिसतंय, त्यासाठी वर्ग भरवून बघायची गरज नाही. तोच व्हिडिओ एकदा रात्री उतरवून वर्गातल्या एका मशीनवर ठेवला तर वायफायवरून वाटून घेता येतो, आणि पुन्हा लागला तरी बाहेरून काही ओढायचं नाही.

स्पीडपेक्षाही मला जास्त त्रास देते ती तुटक लाइन. स्पीड कमी असला तरी सलग असेल तर लिहिणं-वाचणं-चाचणी निभावतं, पण दर दहा मिनिटांनी अर्धं मिनिट नेट जात असेल तर ऑनलाइन चाचणी मध्येच अडकते आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

पायरी ४: वायफाय बंद करून बघा

ही पायरी कृपा करून गाळू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा, एकदा उघडा, थोडं वापरा. मग बंद करा, मशीन पूर्ण रीस्टार्ट करा, वायफाय बंद ठेवा (फोन असेल तर एअरप्लेन मोड) आणि पुन्हा उघडा. रीस्टार्ट गरजेचं आहे, कारण नुसतं नेट बंद केलं तर आधी मेमरीत आलेलं चालत राहतं आणि आपल्याला वाटतं सगळं ऑफलाइन आहे. उघडल्यावर फक्त पहिलं पान बघून समाधान मानू नका, मूल जे करणार ते करा, तिसरा धडा उघडा, आवाज लावा, चित्र मोठं करा, काम सेव्ह करा, बंद करून परत उघडा.

इथे बारीक बारीक गोष्टी सापडतात. स्क्रॅचचं ऑफलाइन अ‍ॅप नेटशिवाय छान चालतं, पण त्यातली भाषांतराची आणि मजकूर बोलून दाखवायची एक्स्टेन्शन्स (वरून जोडायच्या सोयी) नेट मागतात. जीकॉम्प्री या लहानांच्या खेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या फाइल्स वेगळ्या उतरवाव्या लागू शकतात, म्हणजे चित्रं दिसतात पण बोलून सांगणारा आवाज गायब, आणि ज्या लहान मुलाला अजून वाचता येत नाही त्याच्यासाठी तर आवाजच सगळं काही. हे आधी कळलं तर नेट असताना उतरवून ठेवता येतं.

पायरी ५: काम कुठे सेव्ह होतं ते शोधा

इथे जरा थांबूया, कारण माझ्या मते अख्ख्या निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

मुलाचं काम चार ठिकाणी असू शकतं. कंपनीच्या सर्व्हरवर त्याच्या अकाउंटमध्ये, आपल्या मशीनवर फाइल म्हणून, आपल्या मशीनवर पण सॉफ्टवेअरच्या आतल्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये, किंवा ब्राउझरच्या पोटात. शेवटचं सगळ्यात धोक्याचं. बऱ्याच साइट्स लॉगिन न करता वापरल्या की प्रगती ब्राउझरमध्येच साठवतात, दिसायला सगळं सेव्ह झालेलं असतं, मग एक दिवस कुणीतरी "कॉम्प्युटर स्लो झालाय" म्हणून ब्राउझरचा सगळा साठा साफ करतं आणि महिन्याभराचे तारे आणि लेव्हल्स उडतात. खासगी विंडोमध्ये उघडलं असेल तर खिडकी बंद केल्या केल्याच जातात. एकाच मशीनवर दोन भावंडं बसत असतील तर दुसरी गंमत होते, धाकट्याचं उत्तर मोठ्याच्या नावावर चढतं, त्यामुळे मशीनवर दोघांना वेगळे युजर करून द्या, तेवढ्याने बरंचसं सुटतं.

काही प्रयोगशाळांमधल्या मशीनवर अशी व्यवस्था असते की रीस्टार्ट केलं की मशीन पुन्हा पहिल्यासारखं कोरं होतं. सांभाळायला ते फार बरं, पण मुलाने डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल दुसऱ्या दिवशी नसते. तिथे काम सुरू करायच्या आधीच विचारून घ्या की न पुसलं जाणारं ड्राइव्ह कुठलं.

मग करायचं काय? सॉफ्टवेअर निवडताना बघा की त्यातून काम फाइल म्हणून बाहेर काढता येतं का. स्क्रॅच डॉट एसबी३ फाइल देतं, गणिताच्या आकृत्यांचं जिओजेब्रा डॉट जीजीबी देतं, आणि दोन्हीकडे तीच फाइल ऑनलाइनही उघडते आणि इन्स्टॉल केलेल्यातही उघडते. हे फार मोलाचं आहे, कारण मग शाळेत इन्स्टॉल केलेलं आणि घरी ब्राउझरमधलं असं वापरलं तरी मुलाचं काम एकच राहतं. ज्या सॉफ्टवेअरमधून काम बाहेरच काढता येत नाही त्यावर मूल वर्षभर मेहनत करणार असेल तर मी ते घेत नाही, कितीही सुंदर असलं तरी.

मुलांना एक सवय लावा, उठायच्या आधी फाइल सेव्ह करायची आणि नावात तारीख टाकायची. स्क्रॅचच्या ऑफलाइन अ‍ॅपमध्ये तर आपण स्वतः सेव्ह केल्याशिवाय काहीच राहत नाही, आपोआप सेव्ह होईल या भ्रमात राहू नका. आणि आठवड्यातून एकदा सगळ्या फाइल्सची एक प्रत दुसरीकडे, पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. वर सांगितलेल्या त्या मुलाची फाइल पेनड्राइव्हवर असती तर दहा मिनिटांत तो पुन्हा कामाला लागला असता.

दोन डिव्हाइसवर सिंक करणार असाल, म्हणजे दोन्हीकडचं काम सारखं ठेवणार असाल, तर अजून एक गोष्ट. पाठांतराच्या अंकी या सॉफ्टवेअरचंच घ्या, कार्डं कॉम्प्युटरवर बनवायची आणि फोनवर उजळणी करायची अशी सोय त्यात आहे. एरवी ते दोन्हीकडचे बदल नीट जुळवतं, पण कधीकधी जुळवता येत नाही, मग ते विचारतं की सर्व्हरवरचं ठेवू की या मशीनवरचं ठेवू. इथे मूल घाईत कुठलंतरी बटण दाबतं आणि एका बाजूचं काम जातं. म्हणून बसताना आधी सिंक आणि उठताना पुन्हा सिंक, आणि तो प्रश्न आला तर मोठ्यांना हाक मारायची, एवढं सांगून ठेवा.

पायरी ६: लॉगिन आणि मुलाची माहिती

ऑनलाइन सॉफ्टवेअर नाव, जन्मतारीख, ईमेल मागतं. बऱ्याच सेवांमध्ये १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं अकाउंट काढता येत नाही, पालकांची परवानगी लागते, आणि मग लोक खोटी जन्मतारीख टाकतात. तसं करू नका, कारण मोठ्यांचं अकाउंट म्हटलं की मोठ्यांच्या जाहिराती आणि मोठ्यांची सेटिंग्ज येतात. पालकांच्या ईमेलवरून मुलाचं अकाउंट काढायची सोय आहे का बघा, फोटो टाकू नका, पूर्ण नावाऐवजी टोपणनाव चालत असेल तर तेच द्या. आणि अकाउंट डिलीट करायचं बटण कुठे आहे ते अकाउंट काढायच्या दिवशीच शोधून ठेवा. लहान मुलांसाठी ज्याला लॉगिनच लागत नाही असं इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर या बाबतीत सरळ जिंकतं.

इन्स्टॉल करताना मात्र दुसरा धोका असतो. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली लिंक अधिकृत असेलच असं नाही, डाउनलोडच्या नावाखाली भलतंच काहीतरी मशीनवर बसतं. नेहमी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून किंवा अधिकृत अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या.

पायरी ७: पाच वर्षांनी काय?

काहींना हे लांबचं वाटतं, पण मूल पाचवीत सुरू करतं आणि दहावीपर्यंत वापरतं, म्हणजे पाच वर्षं होतातच.

ऑनलाइन सेवा बंद पडते तेव्हा कशी जाते ते एडमोडो या वर्गासाठीच्या ऑनलाइन सेवेच्या वेळी दिसलं. २००८ साली सुरू झालेली, जगभरच्या वर्गांमध्ये वापरली गेलेली ही सेवा २२ सप्टेंबर २०२२ ला बंद झाली. ज्यांनी आपलं साहित्य वेळेत उतरवून घेतलं त्यांचं राहिलं. ब्राउझरमध्ये खेळ आणि अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचं तर त्याहून मोठं झालं, अडोबीने २०२० च्या अखेरीस सपोर्ट संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमध्ये फ्लॅशचं काही चालेनासंच झालं, त्याबरोबर अभ्यासाचे असंख्य छोटे खेळ आणि अ‍ॅनिमेशन्स बंद पडली.

पण इन्स्टॉल केलेलं अमर असतं असंही नाही. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आलं आणि त्यात ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर चालायची थांबली, लोकांनी नेहमीसारखा अपडेट केला आणि मुलांचे जुने प्रोग्रॅम उघडेनात. म्हणून वर्षाच्या मध्ये, परीक्षेच्या तोंडावर, मोठा ऑपरेटिंग सिस्टमचा अपडेट करू नका, सुट्टीत करा. सिक्युरिटीचे छोटे अपडेट मात्र थांबवू नका, ते वेगळे.

इन्स्टॉल केलेल्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही, ते एका जागी स्थिर राहतं. ऑनलाइन सॉफ्टवेअर न विचारता बदलतं, काल जिथे बटण होतं तिथे आज नाही, आणि ज्या मुलाला नवीन गोष्टीची भीती वाटते त्याची सगळी लय जाते. इन्स्टॉलरची फाइल एका फोल्डरमध्ये जपून ठेवली तर तेच व्हर्जन तुम्हाला दुसऱ्या मशीनवरही टाकता येतं.

पायरी ८: कामाप्रमाणे मी काय निवडते

गणितासाठी जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना हे सुरू केलं, आज ब्राउझरमध्येही आहे आणि इन्स्टॉलही होतं. जुन्या मशीनवर क्लासिक ५ मला हलकं वाटतं, चांगल्या मशीनवर क्लासिक ६ टाका.

कोडिंगला लहानांसाठी स्क्रॅच, ऑफलाइन अ‍ॅपच टाका, आणि गेम बनवून झाला की मोठ्यांनी शेजारी बसून साइटवर शेअर करायला मदत करा, मुलांना दुसऱ्यांनी आपला गेम खेळलेला फार आवडतो. पायथॉनसाठी थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालंय, त्याच्यासोबतच पायथॉन येतं, त्यामुळे वेगळं काही बसवायची कटकट नाही, आणि प्रोग्रॅम एकेक ओळ कसा पुढे सरकतो ते दाखवतं. नवशिक्या मुलाला हे एवढं उपयोगी पडतं की मी ऑनलाइन एडिटरकडे वळतच नाही.

विज्ञानासाठी फेट. कार्ल वीमन यांनी नोबेल मिळाल्यानंतर २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. यातली बरीच सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) एचटीएमएल फाइल म्हणून उतरवता येतात, मग ती फाइल डबल क्लिक केली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. म्हणजे तंत्र ऑनलाइनचं पण वापर ऑफलाइन, दोन्हीचं बरं ते यात आलंय. आकाशदर्शनाला स्टेलेरियम, ते इन्स्टॉलच करा, मूळ डाउनलोडमध्येच सहा लाखांच्या आसपास तारे येतात.

पाठांतराला अंकी, ज्यांचं ते जमतं त्यांना जमतं, काही मुलांना अजिबात आवडत नाही, तिथे जबरदस्ती नको. अगदी लहानांना जीकॉम्प्री, शंभराच्या वर खेळ आहेत, जाहिराती नाहीत.

संदर्भासाठी किविक्स बघाच. अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून नेटशिवाय वाचता येतो. चित्रांसकटचा इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या आसपास जातो, पण चित्रांशिवायची आणि विषयवार छोटी व्हर्जन्सही आहेत, मराठीचा तर खूपच लहान आहे. इथे एक गोष्ट हमखास अडवते, पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, जागा रिकामी असूनही एरर येते. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा) मग बसते. आणि ही फाइल आपोआप ताजी होत नाही, वर्षातून एकदोनदा नवी उतरवावी लागते.

चाचण्या, गृहपाठ तपासणं, शंका विचारणं, एकत्र लिहिणं हे मात्र ऑनलाइनच ठेवा. तिथे इन्स्टॉल केलेलं आणून पेनड्राइव्हने उत्तरपत्रिका गोळा करत बसणं शिक्षकांवर अन्याय आहे.

पायरी ९: वर्ग असेल आणि नेट कच्चं असेल तर

तिथे सुरुवातीला सांगितलेला पाचवा प्रकार, एका मशीनवर इन्स्टॉल आणि बाकीच्यांकडे ब्राउझर, आणि त्यात कोलिब्री हे सॉफ्टवेअर मला सगळ्यात सोपं वाटलं. लर्निंग इक्वालिटी ही ना-नफा संस्था ते बनवते, त्यांनी आधी खान अकादमीचे व्हिडिओ ऑफलाइन देणारं केए लाइट केलं होतं, त्यातूनच पुढे हे आलं.

क्रम असा. एका बऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कोलिब्री इन्स्टॉल करा, हाच सर्व्हर, रास्पबेरी पायसारख्या छोट्या मशीनवरही चालतं. चांगलं नेट असेल तिथे नेऊन हवे तेवढेच चॅनल (धड्यांचे संच) उतरवा, सगळं ओढायचा मोह टाळा, एकेक चॅनल खूप मोठं असतं, त्यातले धडे निवडून घेता येतात. दुसऱ्या कुणाकडे आधीच असेल तर पेनड्राइव्हवरूनही आणता येतं. मग वर्ग तयार करा, मुलांची नावं टाका. मुलांच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही, सगळे एकाच राउटरला जोडायचे, ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांचा पत्ता) आणि पुढे कोलन देऊन ८०८० लिहायचं, पान उघडतं. राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं, हे सुरुवातीला कुणालाच पटत नाही, पण वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन ठिकाणी गाडी अडते. सर्व्हरचा आयपी पत्ता अधूनमधून बदलू शकतो, तो राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कायमचा ठरवून द्या. आणि विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारं कनेक्शन अडवणारी सोय) पहिल्यांदा विचारते तेव्हा खासगी नेटवर्कला परवानगी द्या, नाहीतर सर्व्हरवर उघडतं आणि मुलांकडे उघडत नाही आणि तास असाच जातो. सगळ्यांची प्रगती त्या एकाच मशीनवर साठते, म्हणून त्याचा बॅकअप बाकी कशाहीपेक्षा आधी.

पायरी १०: एक आठवडा, एक मूल

सगळ्या वर्गाला किंवा वर्षभराच्या वर्गणीला एकदम जाऊ नका. एका मुलाला आठवडाभर द्या, जमलं तर ज्याला कॉम्प्युटर फारसा जमत नाही अशा मुलाला, हुशार मूल कशातूनही वाट काढतं आणि मग सॉफ्टवेअरमधली अडचण दिसत नाही. शेजारी बसा पण बोलू नका, कुठे थांबतो, कुठे तुमच्याकडे बघतो ते टिपून ठेवा. त्या आठवड्यात एक दिवस मुद्दाम, न सांगता, नेट बंद करा. एक दिवस त्याचं काम दुसऱ्या मशीनवर उघडायला सांगा. आणि शेवटच्या दिवशी विचारा, सोमवारी केलेलं दाखव. त्याने न अडखळता फाइल उघडून दाखवली तर ते सॉफ्टवेअर ठेवा, नाहीतर पायरी ५ पासून पुन्हा बसा.